व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट: एककं पाठ न करता कामाला लावण्याची रीत

पाणी उकळायच्या विजेच्या किटलीच्या तळाशी एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दोनच आकडे कामाचे असतात, समजा २३० व्होल्ट आणि २००० वॅट. एवढ्यावरून किटलीतून किती करंट जाईल, तिच्या कॉइलचा रोध (रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा) किती, लिटरभर पाण्याला उकळी यायला किती वेळ लागेल आणि त्यात किती वीज खर्च होईल, हे सगळं कागद-पेन्सिलीनं काढता येतं. त्यासाठी सूत्रांची यादी पाठ असण्याची गरज नाही. प्रत्येक एकक म्हणजे कशाला कशानं भागलंय, एवढं कळलं की पुरतं.

शाळेत आपण हे उलट शिकतो. राशी, चिन्ह, एकक असा तक्ता पाठ होतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. मी स्वतः तक्ता विसरलो तेव्हाच हा विषय मला कळायला लागला, कारण मग प्रत्येक वेळी एकक पुन्हा जुळवून काढावं लागलं. तीच रीत इथे पायरीपायरीनं मांडतो. सोबत कागद, एक साधा मल्टिमीटर (व्होल्ट, अँपिअर आणि ओहम मोजणारा मीटर), ९ व्होल्टची एक बॅटरी आणि दोन-चार रेझिस्टर (ठरावीक रोधाचे छोटे सुटे भाग) असतील तर उत्तम.

पायरी १: साठा आणि वेग वेगळे करा

विजेच्या एककांमधला निम्मा गोंधळ एका चुकीतून येतो. साठ्याचं एकक आणि वेगाचं एकक यांची सरमिसळ होते.

विद्युतप्रभार हा साठा आहे. त्याचं एकक कूलोम. एक कूलोम म्हणजे सुमारे ६.२४ गुणिले १० चा १८वा घात इतक्या इलेक्ट्रॉनांचा मिळून प्रभार. तारेच्या एखाद्या जागेवरून दर सेकंदाला एक कूलोम प्रभार पुढे सरकत असेल, तर तिथली विद्युतधारा, म्हणजे करंट, एक अँपिअर. कूलोम साठा, अँपिअर वेग. अँपिअर म्हणजे कूलोम भागिले सेकंद.

दुसरी जोडी ऊर्जेची. ज्यूल हा साठा आणि वॅट हा वेग. दर सेकंदाला एक ज्यूल ऊर्जा खर्ची पडत असेल तर शक्ती एक वॅट. म्हणून 'ताशी अमुक वॅट' असं कुणी म्हणालं की थांबून विचारा, कारण वॅटमध्ये 'दर सेकंदाला' आधीच आलेलं आहे. गाडीच्या वेगाला 'ताशी ६० किलोमीटर प्रति तास' म्हणावं, तसं ते होतं.

व्याख्येबद्दल थोडं सांगायलाच हवं. १९४८ साली ठरलेली अँपिअरची व्याख्या दोन समांतर तारांमधल्या बलावर बेतलेली होती. एक मीटर अंतरावरच्या, अनंत लांबीच्या दोन तारा आणि मीटरमागे २ गुणिले १० चा उणे ७वा घात न्यूटन बल. अनंत लांबीची तार कुठल्याच प्रयोगशाळेत नसते. २० मे २०१९ पासून ही व्याख्या बदलली. आता इलेक्ट्रॉनचा प्रभार १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९वा घात कूलोम असा कायमचा ठरवून दिला आहे आणि अँपिअर त्यावरून निघतो. म्हणजे शाळेच्या तक्त्यात 'मूलभूत एकक' म्हणून अँपिअर आजही असला, तरी त्याच्या मुळाशी आता प्रभार मोजणंच आहे. साठा आणि वेग हे नातं आधी समजून घ्या म्हणतो, ते यामुळेच.

पायरी २: व्होल्ट म्हणजे कूलोममागे किती ज्यूल

व्होल्टला 'दाब' म्हणण्याची पद्धत आहे. पाण्याच्या टाकीची उपमा सुरुवातीला उपयोगी पडते, पण हिशेबात ती कामाला येत नाही. हिशेबाला लागते ती व्याख्या अशी: एक कूलोम प्रभार एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना एक ज्यूल ऊर्जा देत असेल, तर त्या दोन टोकांमधलं विभवांतर एक व्होल्ट. व्होल्ट म्हणजे ज्यूल भागिले कूलोम.

इथे 'दोन टोकं' हे शब्द सोडून चालणार नाही. एका बिंदूला व्होल्टेज, म्हणजे विभवांतर, नसतं, ते नेहमी दोन बिंदूंमध्ये असतं. मल्टिमीटरला दोन वायर असतात त्या यासाठीच.

आता दोन्ही व्याख्या शेजारी लिहा आणि गुणा:

व्होल्ट × अँपिअर = ज्यूल/कूलोम × कूलोम/सेकंद

वरचा आणि खालचा कूलोम उडतो. उरतं ज्यूल/सेकंद, म्हणजेच वॅट. शक्तीचं सूत्र पाठ न करता हाती आलं. ही ओळ एकदा स्वतःच्या हातानं लिहून बघा, वाचण्यापेक्षा लिहिताना ती जास्त पटते.

किटलीवर लावूया. २००० वॅट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. त्या सॉकेटची आणि वायरची क्षमता किती असायला हवी, हे या एका भागाकारावरून ठरतं.

पायरी ३: ओहम, आणि तो कुठे फसवतो

ओहम हे रोधाचं एकक, म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर. एक अँपिअर धारा ढकलायला किती व्होल्ट लागतात, त्याचं माप. गेऑर्ग ओहम यांनी हा संबंध १८२७ साली प्रसिद्ध केला. व्होल्ट, अँपिअर, ओहम, कूलोम आणि फॅरड ही नावं १८८१ च्या पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत एकत्र मान्य झाली. त्याआधी वेगवेगळ्या देशांत रोधाची वेगवेगळी मापं चालत होती आणि एकाची केबल दुसऱ्याच्या मापात बसवताना गणित अडत होतं.

किटलीचा रोध: २३० भागिले ८.७, सुमारे २६.४ ओहम (८.७ हा आकडा न गोलावता काढला तर २६.४५). किटलीचा प्लग सॉकेटमधून पूर्ण काढून, बटण चालू स्थितीत ठेवून प्लगच्या दोन मुख्य पिनांवर ओहमवर ठेवलेला मल्टिमीटर धरला, तर साध्या किटलीत आकडा याच्या आसपास येतो. बटणाऐवजी इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असेल तर तो तसा येणार नाही, त्यामुळे गोंधळू नका.

हेच जुन्या तारेच्या बल्बवर करायला गेलात तर मात्र हिशेब चुकल्यासारखा वाटेल. २३० व्होल्ट, ६० वॅटच्या बल्बचा रोध गणितानं सुमारे ८८० ओहम निघतो, आणि थंड बल्बवर मीटर त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी दाखवतो. गणितही बरोबर आहे आणि मीटरही. टंगस्टनची तार पेटल्यावर अडीच हजार अंशांच्या घरात जाते आणि तिचा रोध दहा-पंधरा पट वाढतो. किटलीच्या कॉइलचा मिश्रधातू असा असतो की तापल्यावर त्याचा रोध फारसा बदलत नाही. म्हणजे ओहमचा आकडा लिहिताना, तो कोणत्या अवस्थेतला आहे हेही लिहायला हवं.

पट्टीवरच्या वॅटचंही तेच. २००० वॅट हे २३० व्होल्ट मिळाले तरच. पुरवठा १० टक्क्यांनी घसरून २०७ व्होल्ट झाला, तर करंट २०७ भागिले २६.४५, आणि त्याला पुन्हा २०७ व्होल्टनं गुणलं की शक्ती: २०७ × २०७ भागिले २६.४५, म्हणजे १६२० वॅट. व्होल्टेज १० टक्के कमी, शक्ती १९ टक्के कमी. व्होल्ट उतरले की करंटही उतरतो, आणि शक्ती या दोघांचा गुणाकार असल्यानं तिला दुहेरी फटका बसतो.

वायरचा रोधही असाच काढावा. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम. दहा मीटरच्या एक्स्टेंशनमध्ये जाण्या-येण्याची मिळून वीस मीटर तार असते. ती ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर रोध ०.४६ ओहम. त्यावर किटली लावली की वायरमध्येच ४ व्होल्ट पडतात आणि ४ × ८.७ म्हणजे ३५ वॅट उष्णता वायरमध्ये तयार होते. वायर पसरलेली असेल तर ही उष्णता हवेत निघून जाते. गुंडाळून ठेवलेली असेल तर गुंडाळीच्या आत साचते. एक्स्टेंशन पूर्ण उलगडून वापरा, हा सल्ला याच हिशेबातून आलेला आहे.

पायरी ४: वॅट आणि वॅट-तास, घड्याळ लावून

वॅटला वेळेनं गुणलं की ऊर्जा. सेकंदांनी गुणलं तर ज्यूल, तासांनी गुणलं तर वॅट-तास. १००० वॅट एक तास चालले की एक किलोवॅट-तास, ज्याला बोलताना नुसतं 'युनिट' म्हणतात. तासाचे ३६०० सेकंद, म्हणून एक किलोवॅट-तास म्हणजे ३६ लाख ज्यूल.

ज्यूल इतके छोटे असताना त्यांची आठवण कशाला ठेवायची? कारण उष्णता ज्यूलमध्ये मोजतात आणि तिथे विजेचा हिशेब बाहेरच्या जगाशी ताडून बघता येतो. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसनं तापवायला सुमारे ४१८६ ज्यूल लागतात. २० अंशांपासून १०० अंशांपर्यंत ८० अंश, म्हणजे सुमारे ३ लाख ३५ हजार ज्यूल. २००० नं भागा: १६७ सेकंद. पावणेतीन मिनिटांच्या थोडं वर. तासात सांगायचं तर ०.०९३ किलोवॅट-तास.

आता मोजून पाणी घाला, थर्मामीटरनं सुरुवातीचं तापमान बघा आणि घड्याळ लावा. प्रत्यक्षात वेळ थोडा जास्तच लागेल, कारण किटलीचं भांडं आणि आजूबाजूची हवाही तापते. पण तुमचा वेळ सहा मिनिटं आला, तर कुठेतरी चूक आहे: पाण्याच्या मापात, व्होल्टेजमध्ये किंवा पट्टी वाचण्यात.

आणखी एक ताळा विजेच्या मीटरवर घेता येतो. बहुतेक डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'किलोवॅट-तासाला इतक्या वेळा' असा आकडा छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. मग प्रत्येक लुकलुक म्हणजे ३६ लाख भागिले ३२००, म्हणजे ११२५ ज्यूल. घरातलं बाकी सगळं बंद करून फक्त किटली चालू ठेवा आणि दहा लुकलुकींना किती सेकंद लागतात ते मोजा. सुमारे ५.६ सेकंद लागले, तर ११२५० भागिले ५.६ म्हणजे २००० वॅट. एकाही वायरला हात न लावता शक्ती मोजली. नवशिक्यांना विजेच्या घरगुती लाइनवर काहीही मोजायचं असेल, तर मी हीच पद्धत सुचवतो.

पायरी ५: मिली, मायक्रो, किलो, मेगा

उपसर्ग हजाराच्या टप्प्यांनी जातात. पिको, नॅनो, मायक्रो, मिली, मग मूळ एकक, मग किलो, मेगा, गिगा. प्रत्येक पाऊल हजारपट.

धोका चिन्हांत आहे. छोटं एम म्हणजे मिली, मोठं एम म्हणजे मेगा. मिलीवॅट आणि मेगावॅट यांच्यात एक अब्ज पटींचा फरक आहे आणि तो एका अक्षराच्या आकारावर अवलंबून आहे. किलोचं के नेहमी छोटं लिहायचं, मोठं के हे तापमानाच्या केल्विनसाठी राखलेलं आहे. छोटं एस म्हणजे सेकंद, मोठं एस म्हणजे सीमेन्स. सीमेन्स हे वाहकतेचं एकक, म्हणजे एक भागिले ओहम. पूर्वी त्याला ओहमचं स्पेलिंग उलट करून 'म्हो' म्हणत, १९७१ मध्ये सीमेन्स हे नाव अधिकृत झालं. मायक्रोसाठी ग्रीक म्यू असतो, पण टाइप करायला सोपं म्हणून त्याजागी छोटं यू लिहिलेलंही सापडतं.

रेझिस्टरवर किंवा सर्किटच्या नकाशात ४के७ असं लिहिलेलं असलं तर ते ४.७ किलोओहम. दशांश चिन्हाचा ठिपका छपाईत पुसला जातो, म्हणून त्याच्या जागी अक्षर घालतात. तसंच ४आर७ म्हणजे ४.७ ओहम. छोट्या सिरॅमिक कपॅसिटरवर (कपॅसिटर म्हणजे प्रभार साठवणारा सुटा भाग, त्याचं माप फॅरडमध्ये) १०४ असेल तर १० पुढे चार शून्यं, तेही पिकोफॅरडमध्ये. म्हणजे १०० नॅनोफॅरड.

हिशेब झटपट व्हावा म्हणून तीन नाती लक्षात ठेवण्यासारखी आहेत. व्होल्ट भागिले किलोओहम म्हणजे मिलीअँपिअर. व्होल्ट भागिले मेगाओहम म्हणजे मायक्रोअँपिअर. मिलीअँपिअर गुणिले व्होल्ट म्हणजे मिलीवॅट. इलेक्ट्रॉनिक्समध्ये रोज काम करणारे लोक शून्यं मोजत बसत नाहीत, या जोड्याच वापरतात.

पायरी ६: तिन्ही राशी स्वतः मोजा

९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर घ्या. आधी अंदाज लिहा: ९ भागिले १, म्हणजे ९ मिलीअँपिअर. शक्ती ८१ मिलीवॅट. पाव वॅटचा रेझिस्टर हे आरामात सोसेल. त्याजागी १०० ओहमचा लावला असता तर ९० मिलीअँपिअर आणि ८१० मिलीवॅट झाले असते, आणि पाव वॅटचा रेझिस्टर बोट भाजेल इतका तापला असता. अंदाज आधी लिहायची सवय यासाठी.

पहिलं माप ओहमचं. रेझिस्टर सर्किटमधून सुटा करून मोजा. सर्किटला पुरवठा चालू असताना ओहम कधीही मोजू नये, कारण मीटर स्वतःचा छोटा करंट सोडून मोजत असतो आणि बाहेरची वीज त्यात मिसळली की आकड्याला अर्थ उरत नाही, मीटरही बिघडू शकतो. मोठा रोध मोजताना दोन्ही टोकं बोटांनी दाबून धरू नका, तुमच्या शरीराचा रोध त्याला समांतर जोडला जातो. पडद्यावर डावीकडे नुसता १ किंवा ओएल दिसलं तर रोध त्या रेंजपेक्षा मोठा आहे, रेंज वाढवा.

मग व्होल्ट. नॉब सरळ रेषेखाली तुटक रेषा असलेल्या व्होल्टवर ठेवा, ते डीसी, म्हणजे बॅटरीसारखी एकाच दिशेनं वाहणारी वीज. नागमोडी रेष म्हणजे एसी, घरच्या सॉकेटमधली, सतत दिशा बदलणारी वीज. २० ची रेंज निवडा आणि वायर रेझिस्टरच्या दोन टोकांना टेकवा. सर्किट तोडावं लागत नाही. व्होल्ट मोजताना मीटरचा स्वतःचा रोध खूप मोठा असतो, बहुतेक डिजिटल मीटरमध्ये १० मेगाओहम, त्यामुळे तो सर्किटमधून जवळजवळ काहीच घेत नाही.

शेवटी अँपिअर, आणि इथे जपा. करंट मोजायला सर्किट एका जागी तोडून मीटर त्या फटीत बसवायचा असतो, म्हणजे सगळी धारा मीटरमधूनच गेली पाहिजे. त्यासाठी मीटरचा रोध अगदी कमी ठेवलेला असतो. वायर अँपिअरच्या खाचेत ठेवून तुम्ही ती चुकून बॅटरीच्या दोन टोकांना टेकवलीत तर तो सरळ शॉर्टसर्किट होतो. शिकत असताना माझ्याकडून मीटरचा फ्यूज असाच उडाला होता, आणि पुढचे दोन दिवस मी चांगल्या सर्किटमध्ये दोष शोधत होतो, कारण फ्यूज उडालेला मीटर मुकाट्यानं शून्य दाखवतो. तेव्हापासून करंट मोजून झाला की लाल वायर त्याच क्षणी व्होल्टच्या खाचेत परत लावतो. घरगुती लाइनवर मात्र हा प्रयोग करायचाच नाही. माणसाच्या शरीरातून वीस-तीस मिलीअँपिअर गेले तरी हात सुटत नाही आणि जीव जाऊ शकतो.

तिन्ही आकडे वहीत एककासकट लिहा. समजा ९.२ व्होल्ट, ०.९८५ किलोओहम, ९.३ मिलीअँपिअर. ९.२ भागिले ०.९८५ म्हणजे ९.३४. जुळलं. जुळलं नाही तर आधी एकक तपासा, मग जोडणी, आणि सर्वांत शेवटी मीटरवर संशय घ्या.

पायरी ७: बॅटरीवरचे मिलीअँपिअर-तास

मिलीअँपिअर-तास हे ऊर्जेचं एकक नाही. अँपिअर गुणिले वेळ म्हणजे प्रभार. एक अँपिअर-तास म्हणजे ३६०० कूलोम, इतकंच. ऊर्जा हवी असेल तर व्होल्टनं गुणावं लागतं.

पॉवरबँकवर १०००० मिलीअँपिअर-तास लिहिलेले असतात ते आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला. ऊर्जा १० × ३.७, म्हणजे ३७ वॅट-तास. बाहेर ती ५ व्होल्टनं मिळते, म्हणून ३७ भागिले ५, फार तर ७४०० मिलीअँपिअर-तास, आणि रूपांतरात जाणारा वाटा वेगळा. तुमच्या फोनची बॅटरी ५००० मिलीअँपिअर-तास, ३.८५ व्होल्टची असेल तर १९.२५ वॅट-तास. म्हणजे कागदावरसुद्धा दोन वेळा पूर्ण चार्ज होणार नाही. दोन बॅटऱ्यांची तुलना नेहमी वॅट-तासांत करा. विमानात सोबत न्यायच्या बॅटरीची १०० ची मर्यादाही वॅट-तासांतच सांगितलेली असते.

पायरी ८: एसीमधले दोन खाचखळगे

एसीचे २३० व्होल्ट ही लाटेची उंची नसते. उष्णता देण्याच्या बाबतीत ते २३० व्होल्ट डीसीइतके असतात, एवढाच त्याचा अर्थ. लाटेचा माथा १.४१४ पट, म्हणजे ३२५ व्होल्टपर्यंत जातो. एसीवर लावलेल्या कपॅसिटरवर २३० चा नव्हे, तर या माथ्याचा ताण येतो.

दुसरं व्होल्ट-अँपिअर आणि वॅट. गुणाकार तोच, तरी एकक दोन ठेवलीत. मोटर किंवा काही पॉवर सप्लायमध्ये करंट व्होल्टेजच्या लयीत चालत नाही, त्यामुळे व्होल्ट गुणिले अँपिअरचा सगळा भाग कामी येत नाही. कामी येणारा भाग वॅटमध्ये सांगतात, आणि वायरला वाहावा लागणारा पूर्ण भार व्होल्ट-अँपिअरमध्ये. ६०० व्होल्ट-अँपिअरच्या यूपीएसवर ३६० वॅट असंही छापलेलं असू शकतं. जोडायच्या उपकरणांची बेरीज दोन्ही मर्यादांच्या आत हवी.

पायरी ९: फॅरड घड्याळानं मोजा

फॅरड हे धारकतेचं एकक, म्हणजे व्होल्टमागे कपॅसिटर किती कूलोम साठवतो: कूलोम भागिले व्होल्ट. आता ओहमला फॅरडनं गुणा. ओहम म्हणजे व्होल्ट/अँपिअर, फॅरड म्हणजे कूलोम/व्होल्ट. व्होल्ट उडाले, उरलं कूलोम/अँपिअर. आणि अँपिअर म्हणजे कूलोम/सेकंद. उरतो फक्त सेकंद. रोध गुणिले धारकता म्हणजे वेळ, हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी ती ओळ तीनदा तपासली होती. प्रवर्तनाचं (कॉइल करंटच्या बदलाला करते त्या विरोधाचं) एकक हेन्री घेतलं तर तिथे भागाकार लागतो: हेन्री भागिले ओहम, उत्तर पुन्हा सेकंदच.

करून बघा. १००० मायक्रोफॅरडचा, १६ व्होल्ट किंवा जास्त क्षमतेचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि १० किलोओहमचा रेझिस्टर एकामागोमाग जोडा. कपॅसिटरच्या अंगावर जिथे उणे खुणेचा पट्टा आहे तो पाय बॅटरीच्या ऋण टोकाकडे हवा, उलटा लावला तर तो खराब होतो. मल्टिमीटर व्होल्टवर ठेवून कपॅसिटरच्या दोन पायांना लावा. पाय क्षणभर एकमेकांना टेकवून तो रिकामा करा, मग बॅटरी जोडा आणि घड्याळ चालू करा. किलोओहम गुणिले मायक्रोफॅरड म्हणजे मिलीसेकंद, तेव्हा १० × १०००, अर्थात १० सेकंद. इतक्या वेळात कपॅसिटर ६३ टक्के भरतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर सुमारे ५.७ व्होल्ट. आकडा ५.७ ला पोचला की वेळ टिपा.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर छापील आकड्यापेक्षा २० टक्के इकडे-तिकडे असणं नेहमीचं आहे, म्हणून ८ ते १२ सेकंदांमधलं काहीही येईल. ११.५ सेकंद आले, तर ते १० किलोओहमनं भागा: तुमच्या हातातला कपॅसिटर ११५० मायक्रोफॅरडचा आहे.